तिघांपुरते पाणी

आमच्या बेटावर रविवार आधी नाकाला कळे आणि मग कानाला. झान्निसच्या भट्टीत ऑलिव्हची लाकडे पेट घेत, धूर चुन्याच्या भिंतींना अंग घासत बंदराकडे उतरे, आणि चर्चची पहिली घंटा होण्याच्या आत एकेका दारातून बाया मातीची मडकी छातीशी धरून बाहेर पडत. घरच्या चुलीवर कांदा तांबूस झालेला असे. गोमांसाचे मुठीएवढे तुकडे तेलात सर्व अंगांनी परतून, टोमॅटो, लाल वाइन, दालचिनीची कांडी आणि चार लवंगा यांच्या सोबतीने मडक्यात निजवलेले असत. पुढचे काम भट्टीचे. मडक्याबरोबर एका फडक्यात बांधलेला पास्ता येई, जवाच्या दाण्याएवढा, हातावर वळलेल्या गव्हल्यांसारखा, आणि आम्ही त्याला गव्हलेच म्हणत असू. बाया चर्चमध्ये उभ्या राहत, मडकी अंधारात शिजत राहत. प्रार्थना अर्ध्यावर आली की झान्निस लांब दांड्याच्या फळीने एकेक मडके पुढे ओढी, फडक्यातले गव्हले आत रिकामे करी आणि तांब्याच्या हंड्यातले उकळते पाणी वर ओती.

गव्हले माणशी एक मूठ, पाणी माणशी एक पळी. मुठी घरची बाई भरी; पळ्या झान्निस ओती. तो मोजत नसे. मडके पाहिले की त्याला घर दिसे, घर दिसले की टेबलाभोवतीची माणसे दिसत, आणि हात आपोआप थांबे. कुणाचा मुलगा नोकरीसाठी जहाजावर चढला, कुणाच्या घरी सून आली, कुणाच्या म्हाताऱ्याने अंथरूण धरले, हे सारे त्या पळीला ठाऊक असे. गावाची शिरगणती करायला सरकारी माणूस आला, तेव्हा त्याने एक रविवार भट्टीपाशी उभे राहावे, असे आम्ही हसत म्हणत असू.

भट्टीतून मांसाचे मडके न येणारे घर म्हणजे सुतकाचे घर. मरण झालेल्या घरात चाळिसावा दिवस उलटेपर्यंत मांस शिजत नाही. पहिल्या दिवशी शेजारी माशांचे कालवण आणून देतात, आणि पुढे डाळी, पालेभाज्या, पाव. ही रीत कुणी कुणाला शिकवत नाही. ती घराच्या उंबऱ्यासारखी असते. पाय आपोआप उचलला जातो.

जानेवारीच्या वादळात साव्वासची नाव परतली नाही. नावेवर दोघे होते, तो आणि सेवस्तीचा नवरा याक्कोमिस. तिसऱ्या दिवशी पलीकडच्या बेटाच्या खडकांत याक्कोमिस सापडला. नावेची एक फळी सापडली, निळ्या रंगाची. साव्वास सापडला नाही. शोधायला गेलेल्या बोटी परतल्या, त्यांतल्या माणसांनी बंदरावर उतरताना टोप्या काढल्या. टोप्या काढल्या म्हणजे सारे बोलून झाले होते.

सेवस्तीच्या घरी माशांचे कालवण गेले. तिने वाडग्याकडे पाहिले आणि तोंड फिरवले. समुद्राने नेलेल्या माणसाच्या घरात मासा का खाल्ला जात नाही, हे त्या खोलीतल्या प्रत्येकीला समजले; वाडगा मुकाट्याने परत गेला.

आणि त्याच आठवड्यातल्या रविवारी साव्वासची आई थेमेलिना मडके घेऊन भट्टीपाशी आली.

तिच्यामागून सून चालत होती, अनेझो, लग्नाला वर्षही न झालेली. डोक्याला शोकाचा काळा नव्हे, पिवळा रुमाल होता. तो तिने बांधला नव्हता, तिला बांधला गेला होता. गाठ सासूच्या हातची होती, घट्ट आणि उजव्या बाजूला. गल्लीतल्या बाया भिंतीकडे सरकल्या. मडक्याच्या झाकणाखालून दालचिनीचा वास सुटला होता, आणि त्या वासाइतके उघडे-नागडे काही त्या सकाळी गावात नव्हते.

झान्निसने मडके घेतले. फडके घेतले. हातात तोलले. तीन मुठी होत्या.

"थेमेलिना," तो हळूच म्हणाला.

"काय?"

"काही नाही. मीठ घातलंयस ना?"

"मीठ घालायला मी काय काल संसाराला लागले? पाणी नीट घाल. मागच्या वेळी गिच्च झालं होतं, साव्वास म्हणाला, हा काय भात आहे का."

झान्निसने पाणी घातले, तीन पळ्या.

त्या दिवसापासून दर रविवारी हेच होऊ लागले. घरी ती तीन ताटे मांडी. एक तिचे, एक सुनेचे, एक दाराकडे तोंड करून. ते तिसरे ताट संध्याकाळी कोंबड्यांपुढे जाई. गावाने आधी डोळे पुसले, मग डोळे वटारले. याक्कोमिसचा चाळिसावा अजून झाला नव्हता आणि त्याच्या दारावरून, त्याच नावेतल्या दुसऱ्या माणसाच्या घरचे मांस वाफाळत जात होते. सेवस्ती एकदा उंबऱ्यावर येऊन उभी राहिली. काळ्या शालीत तिचा चेहरा विझलेल्या दिव्यासारखा दिसत होता.

"थांब ना जराशी," ती म्हणाली. "झाकण उघड. वास येऊ दे आमच्याही घरात. माझ्या पोरांना आठवेल तरी मांस कसं लागतं ते."

"तुझा सापडला, सेवस्ती," थेमेलिना म्हणाली. "माझा नाही सापडला. तुझं सुतक तुझं. मला कशाला वाटून देतेस?"

"सापडला! ऐकलंत का ग बायांनो, माझा सापडला! नशीबवान बाई मी!" सेवस्ती हसली. ते हसू ऐकून अनेझोने कान झाकले.

पाद्रीबाबा घरी गेले. थेमेलिनाने त्यांना कॉफी दिली, गोड, समारंभाला देतात तशी. शोकाच्या घरी कॉफी कडू देतात. त्यांनी पहिला घोट घेतला आणि निम्मे बोलणे त्यांच्या घशातच राहिले.

"शरीर मिळालं नाही तरी प्रार्थना होते, बाई. चर्चला ते मान्य आहे. त्याच्या आत्म्याला..."

"ज्यांचं शरीर मिळालंय त्यांच्यासाठी करा की. काम कमी पडलंय का तुम्हाला?"

"अगं, पोरीचा तरी विचार कर. ती ना सवाष्ण, ना विधवा. अधांतरी टांगून ठेवलीयस तिला."

"अधांतरी माझा मुलगा आहे, बाबा. मी हात सोडला तर तो पडेल."

एवढे बोलून तिने कप उचलले. तिच्या दृष्टीने ते मांस नव्हतेच. ती रविवारची गाठ होती. जोवर भट्टीत मडके जात होते, तोवर साव्वास समुद्रात नव्हता, तो कुठेतरी होता, उशिरा येणाऱ्या माणसासारखा, वाटेत. एक रविवार चुकला असता, तर त्या एका रिकाम्या जागेतून सगळा समुद्र घरात शिरला असता. हे ती कुणाला सांगत नसे, पण मडके छातीशी धरण्याच्या तिच्या पद्धतीत ते आम्हा सर्वांना वाचता येत होते.

आणि अनेझो? तिच्याकडे पाहायला गावाला उशीर झाला. हिवाळा सरत आलेला असताना, एका मंगळवारी, भट्टीत कुणी गिऱ्हाईक नसताना ती पाव घ्यायला आली.

"झान्निसकाका, एक मागू?"

"पाव सोडून काहीही माग. तो आज करपलाय."

ती हसली नाही. "येत्या रविवारी आईंचं मडकं घेऊ नका. सांगा, भट्टीत जागा नाही."

"अख्खं गाव मावतं तिच्यात, पोरी. ती स्वतः वाकून आत बघेल, ओळखतेस ना तिला?"

"मग सांगा, भट्टीला तडा गेलाय."

"आणि तडा गेलेल्या भट्टीत बाकीच्यांचं कसं शिजलं, ते कोण सांगणार? तू?"

अनेझोने पाव हातात घेतला आणि त्याची कड बोटाने कुरतडू लागली. "मला रडायचंय, काका," ती म्हणाली. तहान लागलेल्या माणसाने पाणी मागावे तसे. "घरात रडता येत नाही. आई म्हणतात, जिवंत माणसासाठी रडलं की त्याचं आयुष्य झिजतं. बाहेर रडता येत नाही, कारण डोक्याला हे असलं पिवळं. पिवळा रुमाल बांधून कोण रडतं? लोक हसतील. रविवारी मांस तोंडात घेते, ते फिरत राहतं, नुसतं फिरत राहतं, खाली उतरत नाही. त्या समोर बसून बघत असतात. शेवटी गिळलं की म्हणतात, शाबास. काका, मी त्याला दर रविवारी चावून खाते असं वाटतं मला."

झान्निसने भट्टीच्या तोंडात एक लाकूड सारले. "मी भट्टीवाला आहे गं," तो म्हणाला. "लोक देतात ते शिजवतो. कोण मेलं, कोण नाही, हे ठरवायला पाद्रीबाबा आहेत, समुद्र आहे."

"त्या दोघांनी ठरवलंय," अनेझो म्हणाली. "राहिलात तुम्ही."

त्याने तिला दुसरा पाव दिला, न करपलेला. यापलीकडे देण्यासारखे त्याच्याकडे काही नव्हते, आणि हे दोघांनाही कळले.

मग ईस्टरच्या आधीचे मोठे उपास आले, आणि त्यांनी सर्वांची सुटका केली. त्या साऱ्या आठवड्यांत गावात कुणीच मांस खात नाही. सुतकाचे घर आणि सुखाचे घर एकाच डाळीवर जेवतात. सेवस्तीच्या घरची आणि मेयरच्या घरची मडकी भट्टीत शेजारी-शेजारी बसली, दोन्हींत चणे, दोन्हींत कांदा आणि तेल. थेमेलिनाचा हट्ट एकाएकी दिसेनासा झाला, पाण्यात पाणी मिसळावे तसा. बाया तिच्याशी पुन्हा बोलू लागल्या. तिच्याही मडक्यात चणे येत, आणि ते दोघींपुरतेच येत.

पहिल्या वेळी झान्निसने विचारले होते, "एवढेसेच?"

"साव्वासला चणे आवडत नाहीत," ती म्हणाली होती. "लहानपणापासून. उपासाच्या दिवसांत नुसता पाव आणि ऑलिव्ह खातो तो. कशाला वाया घालवायचे?"

हे खरे होते. साव्वासला चणे आवडत नसत. झान्निसने मान हलवली आणि दोन पळ्या पाणी घातले. पुढच्या रविवारी दोन. त्यापुढच्या रविवारी दोन. बाहेर डोंगरउतारावर लाल पॉपीची फुले उमलली, समुद्र निर्लज्जपणे निळा झाला.

ईस्टरला सगळ्या गावाबरोबर कोकरू भाजले गेले आणि त्यानंतरच्या रविवारी, पुष्कळ दिवसांनी, गोमांसाची मडकी पुन्हा भट्टीकडे निघाली. सेवस्तीच्या घरचा चाळिसावा केव्हाच होऊन गेला होता. तिच्याही मडक्यात लहानसा तुकडा होता, पोरांसाठी. थेमेलिना आली. फडक्यात तीन मुठी. मागे अनेझो, पिवळा रुमाल धुऊन फिकट झालेला. गाव दमले होते. एखाद्या वेडाशी सुद्धा भांडता भांडता माणसे दमतात आणि मग त्याला वाट करून देतात.

प्रार्थना अर्ध्यावर आली. झान्निसने मडकी पुढे ओढली, फडकी सोडली, गव्हले ओतले, पाणी घातले. एक घर, दुसरे घर, तिसरे. वाफेने त्याच्या भुवया ओल्या झाल्या. त्याने मडकी पुन्हा अंधारात ढकलली आणि दारात येऊन उभा राहिला. त्याच्या मनात काही नव्हते. नंतर त्याने शपथेवर सांगितले की त्याच्या मनात खरेच काही नव्हते.

चर्च सुटले. बाया आल्या, आपापले मडके फडक्यात धरून गेल्या. थेमेलिना नेहमीप्रमाणे शेवटी आली. झान्निसने तिचे मडके फळीवरून ओढले, तेव्हाच त्याला ऐकू आले. शिजलेल्या मडक्याचा एक ओला, दाट आवाज असतो, तो नव्हता. झाकणाखाली काहीतरी कोरडे खसखसत होते. आणि वास आला, तळाशी लागलेल्या टोमॅटोचा, जळक्या दालचिनीचा.

"बघू," थेमेलिना म्हणाली.

"थांब, गरम आहे."

तिने एप्रनच्या टोकाने झाकण उचलले. मांस आपल्या जागी होते, काळपट, सुकलेले. त्याच्याभोवती गव्हले उभे होते, वरचे कडक, टोकदार, एकमेकांना चिकटलेले; ते सगळे पाणी पिऊन झाले होते आणि त्यांना आणखी हवे होते.

थेमेलिनाने एक गव्हला चिमटीत घेऊन दाबला. अनेझो तिच्या खांद्यामागून बघत होती.

"किती पळ्या घातल्यास?"

झान्निसने हातातल्या फडक्याने कपाळ पुसले.

"झान्निस. किती?"

"मी मोजत नाही. तुला ठाऊक आहे."

"म्हणून तर विचारतेय."

तो खोटे बोलू शकला असता. आच जास्त झाली, लाकूड ओले होते, मडके कोपऱ्यात गेले, कितीतरी दारे उघडी होती. पण बत्तीस घरांची माणसे ज्या हाताला पाठ होती, तो हात आता त्याच्यासमोर उलटा पडला होता आणि झान्निस त्याच्याकडे परक्या माणसाच्या हाताकडे पाहावे तसा पाहत होता.

"दोन," तो म्हणाला. मग घाईघाईने, "उपासांची सवय, थेमेलिना. एवढे आठवडे दोघींपुरतंच येत होतं ना तुझं. चणे. हाताला वळण पडलं. उद्या पुन्हा पडेल. म्हणजे, पुढच्या वेळी... दे इकडे, पळीभर पाणी घालतो, अजून धग आहे, होईल मऊ..."

"चणे," थेमेलिना म्हणाली.

तिने झाकण खाली ठेवले. अगदी हळू, आवाज न करता, कुणी झोपले आहे अशा बेताने.

"म्हणजे मीच शिकवलं तुझ्या हाताला."

"नाही गं. मी म्हातारा झालोय, माझं..."

"मला वाटायचं, गाव मारतंय त्याला. पाद्रीबाबा मारतायत. ती सेवस्ती मारतेय. मी एकटी धरून बसलेय." तिचा आवाज सपाट होता, भरती सरल्यावरच्या वाळूसारखा. "आणि चण्यांच्या दिवसांत दोनच मुठी भरताना मला कसं हलकं वाटायचं, झान्निस. मी स्वतःला सांगायचे, त्याला आवडत नाहीत ना. किती बरं वाटायचं दोनच मुठी भरून. दोन ताटं मांडून. कोंबड्यांना काही टाकायचं नाही. सात रविवार मी जेवले नीट. समजलं का तुला? नीट जेवले मी."

भट्टीत एक लाकूड मोडून राखेत पडले.

थेमेलिना वळली. तिने सुनेच्या डोक्याकडे हात नेला आणि उजव्या बाजूची ती गाठ सोडू लागली. गाठ घट्ट होती. बोटे घसरत होती. अखेर अनेझोनेच हात वर करून ती सोडवली. रुमाल खाली पडला.

"रड आता," थेमेलिना म्हणाली.

अनेझोचे तोंड उघडले आणि काही वेळ त्यातून आवाजच आला नाही. इतके दिवस गिळलेले सगळे वर येताना एकमेकांत अडकले असावे. मग जो आवाज आला, तो ऐकून बंदरावरच्या पायऱ्यांवर जाळी विणणाऱ्या माणसांनी सुया खाली ठेवल्या. ती साव्वासचे नाव घेत नव्हती. ती नुसती ओरडत होती, एकसारखी, श्वास घ्यायलाही न थांबता. गल्लीतली दारे एकामागून एक उघडली. जेवायला बसलेल्या बाया तशाच उठून आल्या. सेवस्ती सर्वांत आधी आली. तिने स्वतःच्या खांद्यावरची काळी शाल काढली, अनेझोच्या डोक्यावरून घेतली आणि तिला कवेत धरून चालवू लागली. "ये पोरी. ये. मोठ्याने. मोठ्याने रड. मला ठाऊक आहे." बाकीच्या बाया मागून निघाल्या. त्यांना काय करायचे ते सांगावे लागत नव्हते. एकीने आरसा झाकायला चादर उचलली, एकीने चूल विझवायला पाण्याची बादली घेतली, आणि तो सारा घोळका विलाप करत वरच्या गल्लीने थेमेलिनाच्या घराकडे चढू लागला.

थेमेलिनाने मडके उचलले. का उचलले, कुणास ठाऊक. इतके दिवस रविवारी भट्टीतून निघताना तिचे हात कधी रिकामे गेले नव्हते. फडक्यातून चटका बसत असणार, पण तिने ते छातीशी धरले आणि घोळक्यामागून चालू लागली. आधी चार पावले मागे, मग दहा. तिच्याकडे कुणी वळून पाहिले नाही. सगळ्या अनेझोभोवती होत्या. रडणारीला माणसे मिळतात. न रडणारी मागे राहते.

ती आपल्या घरापाशी पोचली तेव्हा दार सताड उघडे होते. आत आरशावर चादर पडली होती. चुलीतून विझत्या निखाऱ्यांची पांढरी वाफ येत होती. टेबलावर सकाळीच मांडून ठेवलेली तीन ताटे कुणीतरी उचलून एकावर एक ठेवली होती. तिने उंबऱ्यावर पाय ठेवला.

"आत ये, थेमेलिना," सेवस्ती आतून म्हणाली. तिचा आवाज या वेळी मऊ होता, कित्येक महिन्यांत नव्हता इतका. "ये, बैस. पण ते आत आणू नकोस. सुतक आहे घरात."

थेमेलिनाने पाय मागे घेतला. अंगणात कोंबड्या सवयीने तिच्याभोवती गोळा झाल्या. तिने एकदा वरच्या गल्लीकडे पाहिले, एकदा खाली, जिथे भट्टीच्या दारात झान्निस दोन्ही हात लोंबते ठेवून उभा होता, आणि त्याच्याही पलीकडे, जिथे समुद्र नुसता चमकत होता.

"मग कुठे ठेवू?" तिने विचारले.

आत विलाप चढला होता. तिचे कुणाला ऐकू गेले नाही. तिने पुन्हा विचारले नाही. मडके छातीशी धरून ती दारातल्या उन्हात उभी राहिली, आणि तिच्याच घरात तिच्या मुलासाठी चाललेले रडणे बाहेरून ऐकत राहिली.